मातीतले प्रश्न : गादीवाफा, वसंत आणि पुण्याचं ऊन

थंडीने पाय काढता घेतला की पुणेकराला बाग आठवते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन बघून आलेले असतात, फेब्रुवारीत सोसायटीतली झाडं पानं टाकायला लागतात आणि मार्च उजाडला की माझ्याकडे प्रश्नांचा ढीग. यंदा त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, रेझ्ड बेड, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा. सगळ्यांनी बहुतेक तेच चार परदेशी व्हिडिओ बघितलेत. असो, मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून घेतलेत, आपला प्रश्न दिसला नाही तर रागावू नका, दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नात तो असेलच.

प्रश्न : ताई, सिंहगड रोडला आमचं छोटं रो-हाऊस आहे. मागे आठ बाय बारा फुटांची जागा मोकळी आहे, दोन्हीकडे कंपाऊंडची भिंत. तिथे दीड फूट उंचीचे लाकडी रेझ्ड बेड करायचं मनात आहे. व्हिडिओत सांगतात की वसंतात उंच बेडमधली माती लवकर गरम होते म्हणून भाजी लवकर लागते. सुताराने सांगितलेला आकडा ऐकून नवरा म्हणतोय, एवढ्यात दोन वर्षं मंडईतून भाजी येईल. काय करू?

नवऱ्याचं निम्मं बरोबर आहे. (त्यांना हे वाचून दाखवू नका.)

अहो, तो व्हिडिओतला वसंत आपला नाहीच. त्या लोकांकडे तीन-चार महिने जमीन गोठलेली असते, बर्फ वितळला की माती गार आणि चिखल, त्यात बी घातलं तर कुजतं, म्हणून ते माती वर उचलतात, म्हणजे पाणी निथळतं आणि उन्हाने ती पटकन ऊबदार होते. त्यांच्या जागी हे अगदी शहाणपणाचं आहे. आपल्याकडे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, आणि वैशाखाला आपण वणवा म्हणतो, त्यातच सगळं आलं. पुण्यात मार्चअखेर पारा ३५-३६ च्या पुढे जातो, एप्रिलमध्ये ३८-३९, कधी चाळीशीही गाठतो. आपल्याला माती गरम करायची नाहीये, गार ठेवायचीये! आणि दीड फूट उंच बेड चारही बाजूंनी तापतो, चारही बाजूंनी सुकतो, सकाळी पाणी घातलं तरी दुपारी दुधीची पानं मान टाकून बसतात.

आपल्याकडेही ही गोष्ट आहे, तिला आपले शेतकरी गादीवाफा म्हणतात. साधारण मीटरभर रुंद आणि वीतभर उंच. पण तो करतात प्रामुख्याने पावसाळ्यात, रोपं टाकायला, कारण पाणी साचून रोपांची मर होऊ नये. उन्हाळ्यात तेच शेतकरी सपाट वाफा किंवा सरी धरतात, पाणी धरून ठेवायला. म्हणजे उंची ही पाण्याशी निगडित गोष्ट आहे, दिसण्याशी नाही.

मग तुम्ही काय करायचं? आधी एक फूट खणून बघा. सिंहगड रोडची घरं म्हणजे बरेचदा वर चार इंच माती आणि खाली बिल्डरने भरलेला मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, माझ्या मावशीकडे तर अख्खा तुटलेला कमोड निघाला होता. असा राडारोडा निघाला तर उंची लागेलच, मग १०-१२ इंच करा. चांगली काळी माती निघाली तर कुदळीने ती फूटभर मोकळी करा, त्यात शेणखत मिसळा आणि वाफा जमिनीच्या वर फक्त पाच-सहा इंच ठेवा. मुळं खाली गारव्यात जातील, पावसाळ्यात पाणीही तुंबणार नाही, दोन्ही ऋतू साधतात.

रुंदीचं म्हणाल तर, भिंतीला चिकटून वाफा असेल तर हात एकाच बाजूने पोचतो, त्यामुळे अडीच फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही भिंतींना अडीच-अडीच फुटांचे दोन वाफे, मधे तीन फुटांची वाट. तेवढ्यात घमेलं घेऊन वळता येतं आणि संध्याकाळी खुर्ची टाकून चहाही पिता येतो. वाफ्यात पाय ठेवायचा नाही हा एकच नियम कडक पाळा, माती एकदा दबली की भुसभुशीत करायला वर्ष जातं.

कडेला लाकूड नकोच. वाळवी आणि आपला पावसाळा यांच्यापुढे साधं पाइनवुड दोन वर्षं टिकलं तर नशीब. पत्राही नको, तो तव्यासारखा तापतो. सिमेंट न लावता नुसत्या रचलेल्या विटा किंवा शहाबादी फरशीचे उभे गाडलेले तुकडे, बस. कुणाकडे फरशी बदलायचं काम चालू असेल तर जुनी शहाबादी फुकटात मिळते, उलट न्या म्हणून मागे लागतात.

मातीत दोन घमेली पोयटा (गाळाची माती), एक घमेलं जुनं कुजलेलं शेणखत, एक घमेलं पाल्याचं खत, एवढंच. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून तयार नाही, ताजं शेण मुळं जाळतं. आणि पोयट्याची गाडी मागवताना डोळे उघडे ठेवा. मी एकदा स्वस्तात मिळाली म्हणून माती घेतली, त्यात लव्हाळा या तणाच्या गाठी होत्या, त्याला चार वर्षं झाली, अजून दर रविवारी खणून काढतेय आणि तो सोमवारी हसत उभा असतो.

शेवटचं एक. तिकडचे लोक सांगतात वेलाचा मांडव उत्तरेला घाला म्हणजे बाकीच्यांवर सावली पडणार नाही. आपण उलट करायचं. दोडका, दुधी, कारलं पश्चिमेला चढवा. दुपारी दोननंतरचं ऊन वेल झेलतो आणि त्याच्या सावलीत मिरची-वांगी निवांत राहतात.

प्रश्न : आमची इमारत जुनी, चार मजली, कर्वेनगरमध्ये. गच्चीवर चार बाय दोन फुटांचे सहा वाफे विटांनी बांधायचं ठरवलं, तर सेक्रेटरी म्हणतात स्लॅबला धोका आहे. मुद्दाम अडवतात असं वाटतं. दोन वाफ्यांची माती आणूनसुद्धा ठेवली आहे.

सेक्रेटरी मुद्दाम अडवतात की नाही ते मला माहीत नाही, पण या बाबतीत त्यांचं ऐका.

हिशोबच करू. चार बाय दोनचा वाफा एक फूट भरला तर आठ घनफूट, म्हणजे साधारण २२६ लिटर. ओली माती लिटरला १.६ ते १.८ किलो भरते. म्हणजे एकेक वाफा ३६० ते ४०० किलो, विटा वेगळ्या! चौरस मीटरला सांगायचं तर जवळजवळ ५०० किलो. आणि लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार आहे चौरस मीटरला सुमारे १५० किलो. तिप्पट झालं की. जुन्या इमारतीत त्यावर कोबा आणि वॉटरप्रूफिंगचे थर आधीच चढलेले असतात ते वेगळंच. कोरडी माती उचलून बघून "एवढी काही जड नाही" असं लोक म्हणतात, पण पहिला वळीव पडला की ती स्पंज होते, भार तेव्हा मोजायचा.

म्हणजे गच्चीवर भाजी करायचीच नाही का? करायची, पण मातीवर नाही. मुंबईच्या डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या आणि फळं घेऊन दाखवली, आपल्याकडे प्रयोग परिवारच्या प्रा. श्री. अ. दाभोलकरांनीही पाला, चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा यातूनच माती तयार करायचा ध्यास धरला होता. आपण तेच करायचं. पाल्याचं खत, चिपाड, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि अगदी दोन मुठी खरी माती, विरजणासारखी. हे मिश्रण ओलं असतानाही मातीच्या निम्म्याने भरतं. सहा इंच थर दिला तर चौरस मीटरला १२० किलोच्या आसपास राहाल. सहा इंचांत सगळ्या पालेभाज्या येतात. भेंडी-वांग्याला खोली लागते, त्यांना वीस लिटरच्या बादल्या द्या आणि त्या खाली बीम जिथून जातात त्या रेषेवर ठेवा, गच्चीच्या मधोमध नाही. कठड्यावर तर अजिबात नाही, वाऱ्याने खाली गेली तर भाजी राहू द्या, फौजदारी होईल.

विटांचं बांधकामही सोडा. कोब्यावर थेट बांधलं की खाली ओल धरते आणि गळती सुरू झाली की ती तुमच्या नावावर. मार्केट यार्डात फळांचे प्लॅस्टिकचे जुने क्रेट मिळतात, आत शेडनेटचं (सावलीच्या जाळीचं) अस्तर लावा, खाली चार विटांचे पाय द्या म्हणजे खालून झाडू फिरतो, पाणी वाहून जातं. हलवता येतात हा मोठा फायदा, वॉटरप्रूफिंगवाला आला की उचलून बाजूला. आणि तरी एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून त्याचा कागद सेक्रेटरींच्या हातात द्या, भांडणच मिटेल. आणलेली माती? तळमजल्यावर सोसायटीच्या झाडांना घाला, सेक्रेटरीही खूश.

प्रश्न : कोपऱ्यावरच्या रसवंतीतून चिपाडं आणून वाफा भरला. आठवड्यात मुंग्यांनी ताबा घेतला आणि जी रोपं लावली ती सगळी पिवळी पडली. चिपाडं वाईट असतात का?

चिपाडं छान असतात, घाई वाईट.

ताज्या चिपाडात साखर शिल्लक असते, मुंग्यांना तुम्ही जत्रेचं आमंत्रणच दिलंत. आणल्यावर ती पाण्याने धुऊन तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवायची. आणि पिवळेपणाचं कारण असं की चिपाडात कार्बन भरमसाट आणि नायट्रोजन नावाला, त्यामुळे ती कुजवणारे जिवाणू आपली भूक भागवायला आजूबाजूचा सगळा नायट्रोजन ओढून घेतात, रोपाच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणजे रोपं आजारी नाहीत, उपाशी आहेत.

आता असं करा, त्यावर शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, शिंपडा. किंवा जीवामृत करा. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं मूळ प्रमाण २०० लिटर पाण्याचं आहे, त्यात १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आपल्याला एवढं घेऊन काय अंघोळ करायचीये? दहा लिटरच्या बादलीला अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, चिमूटभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं, दोन-तीन दिवसांत तयार. दहापट पाणी घालून वाफ्याला द्यायचं. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

पुढच्या वेळी चिपाडं तळाला घाला, त्यावर पाला, त्यावर तयार खत, आणि एक-दीड महिना नुसतं ओलं ठेवा. थर बसून पाऊण होईल, मग वर पुन्हा खत भरून लावणी. पाल्याचं म्हणाल तर तो आत्ता रस्तोरस्ती पडलाय, पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तर सगळ्यात लवकर कुजतात. लोक अजूनही तो पेटवतात, डोळ्यांदेखत खत जळतं आणि वर धुराने खोकला. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा नागरिकांचा उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाला जास्त आणि ज्यांना हवा त्यांची गाठ घालून देतात. मी तर शेजारच्या सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींशीच दोस्ती केलीये, त्या गोण्या भरून ठेवतात आणि मी पहिली भेंडी त्यांना देते.

प्रश्न : पालक आणि कोथिंबीर वीतभर झाली की लगेच फुलोऱ्यावर जाते. बी बदललं, खत बदललं.

महिना बदला. ही थंडीची पिकं, दिवस मोठा झाला आणि ऊन तापलं की त्यांना वाटतं आपलं संपत आलं, चला बी धरू. मेथी त्यातल्या त्यात बारीक असताना खुडता येते.

आता लावायचा तो तांदुळजा, लाल माठ, राजगिरा, अंबाडी, चुका, मायाळू. तांदुळज्याला तर उन्हाचं वावडंच नाही, बी टाकल्यापासून तीन-चार आठवड्यांत पहिली खुडणी. कोथिंबिरीशिवाय जमतच नसेल (पुणेरी माणूस पोह्यांवर कोथिंबीर नसेल तर प्लेट परत पाठवतो) तर ५० टक्के ऊन अडवणाऱ्या शेडनेटखाली लावा, धणे लाटण्याने रगडून दोन दले करा, रात्रभर भिजवा, आणि दर दहा दिवसांनी थोडे थोडे टाकत राहा. जुडी नाही मिळणार, वरून भुरभुरण्यापुरती मिळेल.

प्रश्न : दुधीचा वेल गच्च पसरलाय, पण बोटभर दुधी लागतो, पिवळा पडतो, गळतो. सासूबाई म्हणतात वेलाला नजर लागली.

नजर नाही, माशी नाही! म्हणजे परागीभवन करणारा कीटक नाही.

वेलवर्गात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलामागे जन्मतःच छोटासा दुधी असतो, नराला नुसता दांडा. त्या बाळदुधीला बघून आपल्याला वाटतं फळ धरलं, पण परागीभवन झालं नाही तर ते गळणारच. पहिले काही दिवस तर नुसती नर फुलंच येतात, तेव्हाही लोक घाबरून मला फोटो पाठवतात.

दुधीची पांढरी फुलं उमलतात संध्याकाळी, रात्री पतंग येऊन काम करतात. शहरात दिव्यांच्या उजेडात पतंग कुठून येणार. मग ते काम आपण करायचं, संध्याकाळी सहा-सातला ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. दोडकाही संध्याकाळचाच. काकडी, कारलं, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, ते सकाळी आठ-नऊच्या आत. सासूबाईंनाच या कामाला लावा, माझ्या सासूबाई आधी लाजल्या, आता रोज संध्याकाळी गच्चीवर "लग्नं लावून येते" म्हणून जातात आणि कुणाचं जमलं ते जेवताना सांगतात.

परागीभवन होऊनही फळ वाकडं होऊन सडत असेल आणि कापल्यावर अळ्या दिसल्या तर ती फळमाशी. फळ अंगठ्याएवढं असतानाच त्यावर कागदाची पिशवी चढवा, आणि क्यू ल्युरचा (माशीला वासाने ओढणारा) सापळा टांगा. सडकं फळ वाफ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका, कोष मातीतच होतात.

आणि एक गंभीरपणे सांगते. दुधी चिरल्यावर जिभेला तुकडा लावून बघत जा, कडू जहर लागला तर अख्खा टाकून द्या. काकडीचं टोक कापून घासून फेस काढतो तसं इथे चालत नाही. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा, आणि कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. "कडू आहे म्हणजे औषधी असेल" असं म्हणून प्यायचं नाही.

प्रश्न : भेंडीची पानं पिवळीधमक, शिरा आणखीनच पिवळ्या. युरिया टाकू का?

नको. शिरांचं जाळं पिवळं आणि मधला भाग हिरवट म्हणजे हळद्या, तो विषाणू आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. ते झाड बरं होत नाही, उपटून टाका, मन घट्ट करून. बाकीच्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा, पानांच्या मागच्या बाजूला निंबोळी तेल, लिटरला ५ मिली आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, फवारणी उन्हं उतरल्यावर, नाहीतर पानं करपतात.

पुढच्या वेळी बी निवडून घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' आणि बंगळुरूची 'अर्का अनामिका' या हळद्याला बऱ्यापैकी तोंड देणाऱ्या जाती म्हणूनच काढल्या. बी रात्रभर भिजवा, अर्धा-पाऊण इंच खोल टोचा, वाफ्यात दोन झाडांत फूटभर अंतर. महाशिवरात्रीच्या सुमारास लावली तर दीड-पावणेदोन महिन्यांत तोडा सुरू होतो, मग एक दिवसाआड तोडायचीच, गावाला गेलात तर परत आल्यावर भेंडीची काठी होऊन बसलेली असते. गवारीला 'पुसा नवबहार' आणि काकडीला आपली 'पूना खिरा', नावातच पुणं आहे, उन्हालाही बऱ्यापैकी टिकते आणि चव जुनी.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगच्या उत्तरेला मोकळी पट्टी आहे. डिसेंबरमध्ये बघितलं तर दिवसभर सावली. दक्षिणेच्या बाल्कनीत मात्र भरपूर ऊन. म्हणून सगळं बाल्कनीत लावलं तर आता तिथे ऊन कमी कमी होतंय! झाडांनी काय करायचं?

हा मला फार आवडलेला प्रश्न. झाडांनी नाही, सूर्याने केलंय.

पुणं साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलून जातो म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन थेट हॉलमधल्या सोफ्यापर्यंत येतं. उत्तरायणात तो वर वर सरकतो, मेच्या मध्याच्या आसपास भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तो आपला शून्य सावलीचा दिवस, आणि नंतर जुलैअखेरपर्यंत चक्क आपल्या उत्तरेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते आणि उत्तरेच्या पट्टीला सकाळी-संध्याकाळी तिरपं, सोसवेल असं ऊन मिळतं. डिसेंबरच्या सावलीवरून उन्हाळ्याचा वाफा ठरवायचा नाही.

म्हणजे तुमची ती दुर्लक्षित उत्तरेची पट्टी एप्रिल ते जुलै सोनं आहे. तिथे वाफा करा, चार-पाच तास ऊन मिळालं तरी पालेभाज्या, चवळी, मिरची होते. दिवाळीनंतर सगळं बाल्कनीत परत. बिऱ्हाड हलवायचं वर्षातून दोनदा, एवढंच.

प्रश्न : कबुतरं कोंब खातात.

जाळी. सीडी टांगणं, प्लॅस्टिकचा कावळा, चकाकणारी रिबन, सगळं करून झालंय माझं, कबुतरं त्या कावळ्याच्या डोक्यावर बसली होती. रोप चार पानांचं होईपर्यंत वाफ्यावर नायलॉनची जाळी कमानीवर ताणून बांधा, सैल ठेवली तर पाखरं अडकतात.

प्रश्न : आमच्याकडे एप्रिलपासून पाणीकपात, टँकर बोअरचं पाणी आणतो. मातीवर पांढरा थर येतो. एका काकांनी सुचवलं की आरओचं वाया जाणारं पाणी घाला. भाजी करणं म्हणजे पाप वाटायला लागलंय.

पाप नाही, पण उघड्या मातीवर पाइप धरून भर दुपारी पाणी मारणं मात्र पापच, ते अजून बऱ्याच बंगल्यांत दिसतं.

पांढरा थर म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. आरओचं वाया गेलेलं पाणी म्हणजे तर तेच क्षार आणखी दाट केलेले, ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा, वाफ्याला रोज नको. उलट भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ भिजवलेलं पाणी बिनधास्त घाला. पांढरा थर खरवडून टाका, आणि पहिला चांगला पाऊस झाला की तो वाफा धुऊन काढतो, म्हणून खाली पाणी निघायला वाट हवीच.

आता कमी पाण्यात कसं करायचं. पहिलं, आच्छादन. वाळका पाला, चिपाडं, गव्हाचं काड, काहीही, पण तीन-चार बोटं जाड. उघडी माती दिसता कामा नये. दुसरं, ५० टक्के शेडनेट, मार्चअखेरपासून, निदान अकरा ते चारचं ऊन अडेल असं. तिसरं मला सगळ्यात आवडतं ते, मडकं. कुंभारवाड्यातून बिनरंगाचं, बिनचकाकीचं साधं लहान मडकं आणा, गळ्यापर्यंत वाफ्यात पुरा, पाण्याने भरा, वर झाकणी ठेवा, नाहीतर डास होतील. पाणी मडक्यातून पाझरत राहतं, माती कोरडी तेवढं जास्त, ओली तेवढं कमी, ते आपोआप ठरतं. पाच लिटरचं मडकं भोवतीच्या साधारण फूटभर पट्ट्याला पुरतं, एप्रिलात दोन-तीन दिवसांनी भरावं लागतं. बोअरच्या पाण्याने वर्षभरात त्याची भोकं बुजतात, मग मडकं बदला, फुटकं मडकं कुंडीच्या तळाला.

पाणी रोज घालायचंच असा नेम नको. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओल लागली तर आज सुट्टी. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावू नका, संध्याकाळी आपोआप उभी राहिली तर ती नुसती उन्हाने दमली होती. सकाळी सातलाही मलूल असतील तर खरंच तहानलीत.

आणि एवढं करूनही मेमध्ये सगळं रखरखीत झालं, हात टेकले, तर खुशाल टेका. एक वाफा रिकामा ठेवा, त्यात ताग किंवा चवळी दाट फेका, वळवाच्या एक-दोन सरींवर ती वाढेल, फुलायच्या आधी कापून तिथेच मातीत गाडा. साधारण १० जूनच्या आसपास पाऊस पुण्यात येतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या सपाट वाफ्यात तळं साचलेलं असेल आणि तुमचा गादीवाफा निथळलेला, वांगी-मिरचीची रोपं लावायला तयार. रोपं मात्र मेच्या मध्यातच टाकून ठेवा, जूनमध्ये नर्सरीत गेलात तर निवडून उरलेली मिळतात.

पुढच्या वेळच्या प्रश्नांसोबत पानाचा फोटो पाठवणार असाल तर पानाच्या मागच्या बाजूचाही पाठवा, आणि बोट मध्ये आणू नका.